स्टीलची टूरिंग सायकल: फ्रेममध्ये काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं

सायकलीवरचं जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. सीट टोचते, दुसरी घ्या. चढाला गिअर जड पडतात, मागची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) मोठी लावा. हँडल अरुंद वाटतं, रुंद बसवा. पण मागच्या दोन नळ्यांमधून तुम्हाला हवा तो टायर जात नसेल तर त्याला इलाज नाही. कॅरियरचा बोल्ट जिथे बसायला हवा तिथे आट्यांचं भोकच नसेल, तर ती सायकल असेपर्यंत क्लॅम्प आणि पट्ट्यांशी झटापट चालू राहते.

म्हणून माझा नियम एकच आहे. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी ठरवायचं, बदलता येण्यासारखं सगळं शेवटी. सायकल घेताना बहुतेकांचा क्रम नेमका याच्या उलट असतो: गिअर किती, ब्रेक कोणते, रंग कोणता, आणि फ्रेम जी असेल ती. खालच्या पायऱ्या मी माझ्या नियमाच्या क्रमानं लावल्या आहेत.

पायरी १: ओझं आणि रस्ते कागदावर मांडा

पुढच्या दोन-तीन वर्षांत या सायकलीवर काय काय करणार ते लिहून काढा. ‘सगळंच’ असं लिहू नका, आकडे लिहा. रोजच्या जाण्यायेण्याला एक बॅग, ४-५ किलो. दोन दिवसांच्या सफरीला दोन पॅनियर (कॅरियरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), १० किलो. तंबू, स्टोव्ह, पाणी आणि चार दिवसांचा शिधा घेऊन निघालात तर २० ते २५ किलो. त्याखाली एक ओळ रस्त्यांची लिहा: डांबरी किती, खडीचा किती, मातीचा किती.

आता यातलं नेहमीचं काय आणि क्वचितचं काय, यावर खूण करा. २५ किलो रोज वाहण्यासाठी बांधलेली फ्रेम रिकामी चालवली की ताठ आणि निर्जीव वाटते, खड्ड्यांचे हादरे थेट पाठीत जातात. वर्षातून एकच मोठी सफर होणार असेल तर १५ ते १८ किलो सहज पेलणारी फ्रेम घ्यावी आणि त्या एका सफरीत सामान कमी करावं, असं माझं मत आहे. घर सोडून सहा महिने फिरणार असाल तर मात्र जाड नळ्यांचीच फ्रेम घ्या, तिथे तडजोड नको.

पायरी २: नळ्या

सगळं स्टील सारखं नसतं. स्वस्त सायकलींत हाय-टेन नावाचं साधं स्टील असतं. त्याची ताकद कमी, म्हणून नळ्या जाड ठेवाव्या लागतात आणि वजन वाढतं. टूरिंगसाठी क्रोमोली हवं, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं मिश्र स्टील. ४१३० हा त्यातला सर्वांत सर्रास दिसणारा प्रकार. रेनॉल्ड्स ५२५, ७२५, ८५३, शिवाय कोलंबस आणि टांगे ही नावं स्टिकरवर दिसतील.

हे स्टिकर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाग स्टीलची ताकद जास्त असते, ताठपणा नाही. कुठल्याही स्टीलचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. जास्त ताकदीच्या स्टीलमुळे कारागिराला नळीची भिंत पातळ करता येते, एवढाच त्याचा उपयोग. नळी किती वाकेल हे ठरतं तिच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर, त्यातही व्यासावर फार जास्त. भिंत तेवढीच ठेवून व्यास २८.६ मिमीवरून ३१.८ मिमी केला की ताठपणा एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. त्यामुळे विक्रेत्याला ‘कोणतं स्टील?’ एवढंच विचारून थांबू नका. डाउन ट्यूबचा (हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या नळीचा) व्यास किती आणि भिंत किती जाड, हेही विचारा.

चांगल्या नळ्या बटेड असतात. जोडाजवळ भिंत जाड आणि मधल्या भागात पातळ. रेनॉल्ड्सनं या पद्धतीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, आणि आजही यापेक्षा सोपा उपाय कुणाला सापडलेला नाही. जोडाजवळ वेल्डिंगची उष्णता आणि ताण दोन्ही येतात, तिथे माल हवाच. मध्ये नको. बहुउपयोगी सायकलीसाठी डाउन ट्यूबचा व्यास ३१.८ मिमी आणि भिंत टोकाला ०.९, मध्ये ०.६ मिमी, हे मला सर्वांत समतोल वाटतं. मोठ्या मापाच्या फ्रेमसाठी किंवा जड ओझ्यासाठी ३५ मिमी व्यासाची डाउन ट्यूब चालेल. मधली भिंत ०.४ मिमीपर्यंत आली की सायकल कशावर तरी आपटली तरी पोचा पडतो. अशी फ्रेम टूरिंगसाठी घेऊ नका. फ्रेम समोर असेल तर नळीच्या मध्यावर नखानं टिचकी मारा, मग जोडापासून चार बोटांवर मारा. बटेड नळीत आवाज स्पष्ट बदलतो.

‘स्टील कुठेही वेल्ड होतं’ असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लोखंडी दारं जोडणाऱ्या वेल्डरनं ०.६ मिमीच्या भिंतीला हात लावला तर ती जळून भोक पडेल. जोडाजवळच्या जाड भागावर, किंवा पितळ वितळवून सांधून (ब्रेझिंग) मात्र दुरुस्ती खरोखर होते.

पायरी ३: टायरसाठी जागा

सायकल किती कामांना उपयोगी पडेल हे सर्वांत जास्त या एका मापावर ठरतं. ३२ मिमीचा टायर डांबरावर छान पळतो, खडीच्या रस्त्यावर ओझ्यासकट हात बधिर करतो. ४५ मिमीचा टायर कमी हवेवर दोन्हीकडे चालतो. फ्रेममध्ये ४५ ची जागा असेल तर ३२ कधीही लावता येतो. उलटं होत नाही.

कंपनी ‘कमाल टायर ५० मिमी’ लिहिते तेव्हा तो बहुधा मडगार्डशिवायचा आकडा असतो. टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण ६ मिमी मोकळी जागा लागते, म्हणजे चिखल आणि जरा वाकडं झालेलं रिम घासत नाही. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिमी रुंद असतो आणि त्यालाही श्वास घ्यायला जागा हवी. हिशेबाला सोपं जावं म्हणून मडगार्डसकटचा टायर कंपनीच्या कमाल आकड्यापेक्षा ५ मिमी लहान धरा. ४५ मिमी टायर आणि मडगार्ड दोन्ही हवे असतील तर ५० लिहिलेली फ्रेम शोधा.

जागा तीन ठिकाणी मोजायची: चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या) मध्ये, वरच्या सीटस्टेच्या (सीटखालून त्याच आसाकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या) पुलाखाली, म्हणजे आडव्या जोडाखाली, आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्याखाली. बहुतेक वेळा चेनस्टेची जागा आधी संपते. एकाच इंचभर पट्टीत टायर, नळी आणि पेडलजवळच्या चेनरिंग (दातेरी चक्रं) असे तिघे दाटीवाटीनं बसायचे असतात. म्हणून फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती दातांची चेनरिंग बसते, हेही त्याच वेळी विचारून घ्या. चढांसाठी ४६/३० किंवा ४४/३२/२२ दातांचा संच लावणार असाल तर हे महत्त्वाचं आहे.

चाकाचं माप याच पायरीत ठरवा. ७०० सी म्हणजे ६२२ मिमीचं रिम, ६५० बी म्हणजे ५८४, जुनं २६ इंची म्हणजे ५५९. नावं गोंधळात टाकतात, टायरच्या कडेवर छापलेला हा तीन अंकी आकडाच खरा माना. डिस्क ब्रेक असलेल्या फ्रेममध्ये चाकांचे दोन जोड वापरता येतात: ७०० सी वर ३२ मिमी टायर घातला की चाकाचा बाहेरचा व्यास ६८६ मिमी होतो आणि ६५० बी वर ५० मिमी घातला की ६८४, म्हणजे जवळपास तोच. पण ७०० सी वर ४५ मिमी टायर असताना ६५० बी वर ४७ मिमीकडे गेलात तर पेडल १७ मिमी खाली येतात आणि वळणावर जमिनीला टेकू शकतात. पेडल आधीच जमिनीजवळ असलेल्या फ्रेममध्ये हा बदल करू नका.

उंची कमी असेल तर लहान चाकाची फ्रेम आवर्जून पाहा. ७०० सी चं चाक लहान फ्रेममध्ये कोंबलं की सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं. मडगार्ड लावल्यावर आणखी लागतं.

पायरी ४: टाच, पॅनियर आणि चेनस्टेची लांबी

माझ्या पहिल्या टूरिंगच्या फ्रेमचे चेनस्टे ४२५ मिमीचे होते. कागदावर हा आकडा मला काहीच सांगत नव्हता. पॅनियर भरून पहिल्या दिवशी निघालो आणि दर फेरीला उजवी टाच पिशवीच्या कोपऱ्याला घासू लागली. टप, टप, टप. पिशव्या कॅरियरवर मागे सरकवल्या. टाच सुटली, पण ओझं आसाच्या मागे गेलं, हँडल हलकं झालं आणि उतारावर सायकलीची शेपटी डोलू लागली. संध्याकाळपर्यंत पिशवीचं कापड टाचेच्या जागी फाटलं होतं.

रोड सायकलींत ही लांबी ४०५ ते ४१५ मिमी असते. टूरिंगसाठी ४४० च्या खाली जाऊ नका. ४४५ ते ४६० ही योग्य पट्टी. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकरचे चेनस्टे ४६० मिमीचे होते आणि त्या फ्रेमवर लोक इतकी ओझी घेऊन फिरले त्याचं हे एक मोठं कारण आहे. बुटाचं माप ९ च्या वर असेल तर ४५० पासून पुढेच पाहा. लांब चेनस्टेमुळे सायकल वळायला किंचित आळशी होते, हे खरं. पण टायरलाही जागा मिळते, चेनची ओढ सरळ राहते आणि मागच्या चाकाचा हादरा सीटपर्यंत कमी पोचतो. त्या आळसाची किंमत मी आनंदानं देतो.

पायरी ५: तुमचं माप

फ्रेमचं माप ‘५४’ किंवा ‘मीडियम’ असं सांगतात, पण दोन कंपन्यांची ५४ सारखी नसते. तुलना करायची ती स्टॅक आणि रीच या दोन आकड्यांनी. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलचा आस फिरतो त्या जागेपासून) हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे आडवं अंतर. सध्या जी सायकल अंगाला बरी वाटते तिचे हे दोन आकडे काढा आणि टूरिंगसाठी स्टॅक २०-३० मिमी जास्त असलेली फ्रेम शोधा. सात-आठ तास बसायचं तर हँडल सीटच्या पातळीला हवं.

ड्रॉप हँडल आणि सरळ हँडल दोन्ही एकाच फ्रेमवर तितकेच चांगले बसतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सरळ हँडलसाठीच्या फ्रेमची रीच बरीच लांब असते. हँडल कोणतं हे आत्ताच ठरवा.

पायरी ६: पुढचं चाक कसं वागेल

हेड ट्यूबची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. तीनच गोष्टींवर ते ठरतं: हेड ट्यूबचा कोन, चाकाची त्रिज्या आणि फोर्कचं पुढे झुकणं, ज्याला रेक म्हणतात. ७०० सी वर ३८ मिमी टायर आणि ७२ अंशांचा कोन धरा. रेक ४५ मिमी असेल तर ट्रेल ६६ मिमी येतो, ५२ असेल तर ५९, आणि ६५ असेल तर ४५.

ट्रेल जास्त असला की रिकामी सायकल सरळ धावते, पण पुढे ओझं लावल्यावर हँडल जड होतं आणि सावकाश चालवताना आपोआप एका बाजूला पडू पाहतं. ट्रेल कमी असला की पुढच्या पिशव्यांसकट हँडल हलकं राहतं. ओझं बहुतेक मागेच असेल तर ६० ते ६६ चालेल. पुढे-मागे दोन्हीकडे पॅनियर लावणार असाल तर ५५ ते ६० च्या आसपासची फ्रेम मला जास्त भरवशाची वाटते. पुढच्या मोठ्या हँडलबॅगेवर सगळी भिस्त असेल तर ४५ किंवा त्याहून कमी. कंपनी ट्रेल देत नसेल तर कोन आणि रेक मागून घ्या, बाकीचं गणित तुम्हीच करू शकता.

पायरी ७: ब्रेक आणि एक्सल

रिमवर दाबणारे रिम ब्रेक वाईट नाहीत. कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक या त्यांच्या प्रकारांची फ्रेम हलकी असते, फोर्क लवचीक राहतो आणि दुरुस्ती सोपी असते. पण चिखलात रिम झिजतं, चाकाचं माप बदलता येत नाही आणि टायर व मडगार्डला अडचण होते. एकच सायकल सगळ्या कामाला हवी असेल तर मी डिस्ककडे झुकतो.

डिस्क घेताना मागचं कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) चेनस्टे आणि सीटस्टे यांच्या कोनात बसवलेलं आहे का, ते पाहा. सीटस्टेच्या वर बसवलं असेल तर कॅरियरचा पाय आणि मडगार्डची तार दोन्ही अडखळतात आणि लांबलचक स्पेसर घालावे लागतात.

डिस्क आणि जुन्या पद्धतीचा क्विक रिलीज (तरफेनं आवळायचा आस) पुढच्या चाकाला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिस्क ब्रेक मारताना पुढचं चाक ड्रॉपआउटमधून (आस बसतो त्या खाचेतून) बाहेर ढकललं जातं. आरपार जाणारा थ्रू-एक्सल हा यावरचा पक्का उपाय. पुढे १२×१०० किंवा १५×१०० आणि मागे १२×१४२ (आसाची जाडी × चाकाच्या मधल्या हबची रुंदी, मिमीत) घेतलं की हबचा पर्याय मोठा राहतो. मागे १३५ मिमी क्विक रिलीज असलेली फ्रेमही चांगलीच, तिचे हब जुने आणि सर्वत्र मिळणारे आहेत. १३० मिमीची जुनी स्टील फ्रेम मात्र थंड अवस्थेतच हळूहळू रुंदावून १३५ करता येते. हे फक्त स्टीललाच जमतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनवर हा प्रयोग करू नका.

डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारं यंत्र ज्याला लटकतं तो तुकडा: फ्रेमचाच भाग असलेला स्टीलचा हँगर वाकला तर जागेवरच सरळ करता येतो. सुट्टा हँगर असेल तर फ्रेमसोबतच एक जादा मागून घ्या, कारण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो. एसआरएएम कंपनीनं २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर बसत असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

पायरी ८: भोकं मोजा

फ्रेमच्या छायाचित्रात लोक रंग बघतात, मी भोकं मोजतो. मागच्या ड्रॉपआउटवर दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं हवीत, एक कॅरियरला आणि एक मडगार्डला. एकाच बोल्टवर दोन्ही लटकवले की बोल्ट लांब होतो, हादऱ्यानं वाकतो आणि एके दिवशी डोकं तुटून आटे आतच राहतात. आतला तुकडा ड्रिल करून काढण्याचं काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये. बोल्ट साधारण ५ मिमी जाडीचे असतात. जड कॅरियरसाठी खाली ६ मिमीची सोय असेल तर ती फ्रेम कुणीतरी विचार करून बनवली आहे असं समजा.

फोर्कच्या मध्यावर लो-रायडर कॅरियरचं (पुढच्या पिशव्या खाली धरणाऱ्या कॅरियरचं) भोक आरपार हवं. फोर्कच्या बाहेरच्या बाजूला तीन भोकांची रांग असेल तर तिथे पाण्याची मोठी बाटली किंवा गुंडाळी बांधता येते, मात्र तिथली वजनमर्यादा बहुधा एका बाजूला ३-४ किलोच असते. ती लेखी विचारून घ्या. बाटल्यांसाठी तीन जागा, तिसरी डाउन ट्यूबच्या खाली. फोर्कच्या माथ्याला आणि चेनस्टे व सीटस्टे यांच्या पुलांना मडगार्डचं भोक. हे दोन्ही मागचे पूल टायरपासून सारख्या अंतरावर आहेत का हेही पाहा, नाहीतर मडगार्ड वेडावाकडा वाकवावा लागतो. दिव्यासाठी डायनमो हब (चाक फिरताना वीज देणारा हब) वापरणार असाल तर फोर्कवर तारेची वाट हवी.

स्टँड लावायचा असेल तर चेनस्टेच्या मध्ये त्यासाठी पट्टी वेल्ड केलेली असलीच पाहिजे. नुसत्या नळ्यांवर स्टँड आवळला की त्या चेपतात.

पायरी ९: उरलेलं, झटपट

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्या, ६८ किंवा ७३ मिमीचा बीएसए. दाबून बसवायचे प्रकार कुरकुर करतात आणि काढायला खास अवजार लागतं. हेड ट्यूब ४४ मिमी आतील व्यासाची असेल तर सरळ आणि निमुळता, दोन्ही स्टिअरर (फोर्कची वरची नळी) बसतात. सीटपोस्ट २७.२ मिमी. केबल नळीबाहेरून जाणारी हवी, आणि फ्रेमवर अखंड केबल धरणाऱ्या साध्या कड्या असतील तर तारेचे आणि तेलाचे, दोन्ही ब्रेक लावता येतात. हँडलच्या आतून हेडसेटमध्ये शिरणारी केबल टूरिंगसाठी नकोच. बेअरिंग बदलायला सगळं उसकटावं लागतं.

अंतर्गत गिअरचा हब किंवा बेल्ट कधी लावायचा असेल तर चेन ताणण्याची सोय असलेले ड्रॉपआउट लागतील. बेल्ट उघडत नाही, म्हणून मागच्या त्रिकोणात उघडणारा जोडही लागतो. तो नंतर करून घेणं म्हणजे फ्रेम कापणं.

पायरी १०: फ्रेम हातात आल्यावर

काहीही जोडण्याआधी एक लांब दोरा घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटपासून पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक मिलिमीटरच्या आसपास फरक ठीक आहे. तीन-चार मिलिमीटर असेल तर फ्रेम वाकडी आहे, परत करा.

मग प्रत्येक भोकात बोल्ट हातानं फिरवून पाहा. रंग अडकला असेल तर टॅपनं आटे साफ करून घ्या, पान्ह्यानं जोर लावू नका. बॉटम ब्रॅकेटची उजवी बाजू उलट्या आट्यांची असते, हे विसरून अनेकांनी आटे खराब केले आहेत.

शेवटी गंज. स्टीलची फ्रेम आतून गंजते, बाहेरचा रंग शाबूत असतानाही. सीट ट्यूबमधून, बॉटम ब्रॅकेटमधून आणि चेनस्टेच्या बारीक भोकांतून गंजरोधक तेलाचा फवारा आत मारा, उकळलेलं जवसाचं तेलही चालतं. फ्रेम हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवा, म्हणजे तेल प्रत्येक कोपऱ्यात पोचेल. त्यानंतर ड्रॉपआउट खाली येतील अशी टांगून खाली जुनं कापड पसरा. तेलानं माखलेल्या चिंध्या चुरगळून ठेवू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवा. एक-दोन दिवसांनी चेनस्टेच्या भोकांतून थेंब पडायचे थांबले की बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांना ग्रीस लावा आणि जोडणीला सुरुवात करा.